सात गळे, वाद्य एकही नाही : प्रेमगीतांच्या अल्बमबद्दल वाचकांचे प्रश्न

वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर उभ्या केलेल्या गाण्याला अकापेला म्हणतात. मूळ इटालियन शब्दांचा अर्थ ‘चॅपेलच्या रीतीनं’. नाव परकं असलं तरी खान्देशातल्या बायकांना ही रीत परकी नाही. जात्यावरची ओवी आणि अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरचं गाणं कधीच पेटीसाठी अडून राहिलेलं नाही. या वेळी फक्त बायकांच्या गटानं प्रेमगीतांचा अल्बम करण्याबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत.

अमळनेर : आम्ही भजनी मंडळातल्या सात जणी आहोत. प्रेमाच्या गाण्यांचा बिनवाद्यांचा अल्बम करायचा ठरवलंय. भावाची ओवी, अखाजीचं गाणं, एक गवळण, एक मराठी गझल आणि आमच्यातल्या एकीनं लिहिलेलं अहिराणी गाणं, असं घेतलंय. सगळे म्हणतात, ही खिचडी होईल. एकाच जातीची गाणी घ्यावीत का?

ताई, गाणी बदलू नका. वेगवेगळ्या चालींमुळे खिचडी होत नाही. सगळ्या गाण्यांना एकच ठेवण लावली की होते. एक जण पुढं गाते, सहा जणी मागं ‘आऽऽ’ धरतात, शेवटच्या कडव्यात सगळ्या चढतात. हाच साचा पाच वेळा आला की तिसऱ्या गाण्यालाच कान विटतो.

बांधणी सुरू करण्याआधी प्रत्येक गाण्याच्या वहीत एक ओळ लिहा : कोण कुणाला म्हणतंय, आणि ऐकणारा समोर आहे का? किती गळे लागतील, हे त्या ओळीवरून ठरवायचं.

ओवीत बहीण भावाबद्दल बोलते, पण भाऊ तिथं नाही. जात्याशी फार तर दोघी बसतात. म्हणून दोनच गळे घ्या. पहिलीच्या ओळीचा शेवटचा शब्द दुसरीनं उचलायचा आणि पुढं न्यायचा. तिसरीनं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, ओठ मिटून ‘घूंऽ’ धरावं आणि जात्याच्या एका फेऱ्याला एकदा ते फुगवून परत खाली आणावं. लय मेट्रोनोमवरून घेऊ नका. कुणाकडं जातं असेल तर दाणे घालून खरंच दळा, दहा फेऱ्यांना लागलेले सेकंद मोजा आणि तीच लय ठेवा. रिकामं जातं भराभर फिरतं, त्यामुळं लय फसते. बाकीच्या चौघींनी या गाण्यात गप्प राहायचं. शेवटच्या ओवीला सातही जणींनी सूर लावायचा मोह होईल. तो आवरा, कारण तिथं गर्दी झाली की बहिणीचं एकटेपण संपतं.

अखाजीचं गाणं याच्या उलट आहे. माहेरी आलेल्या लेकी एकमेकींना सांगताहेत आणि सगळ्या समोर आहेत. इथं स्वरसंगती नको, सगळ्यांनी एकाच सुरात, मोकळ्या गळ्यानं गावं. चार आणि तीन असे दोन गट करा, एक डावीकडं, एक उजवीकडं. पहिल्या गटाची ओळ संपायला एक मात्रा असताना दुसऱ्यानं सुरू करावं. झोका मागं गेला की पुढं येतो, तसा आवाज दोन कानांत हलतो.

गवळणीत कृष्ण समोर उभा आहे आणि भांडण गोड आहे. तिथं सवाल-जवाब करा, शब्द तोडून म्हणा, तोंडानं पखवाजाचे बोल घ्या. कृष्णाच्या ओळी खालच्या गळ्याच्या बाईला द्या, पण तिला पुरुषी आवाज काढायला लावू नका.

गझलेत ज्याला उद्देशून बोलणं आहे तो बहुधा समोर नसतो. सगळा गट फक्त रदीफवर, म्हणजे शेराच्या शेवटी तसाच्या तसा परत येणाऱ्या शब्दांवर आणा, त्याआधी एकटा गळा आणि एक धरलेला षड्ज. पाच शेरांच्या गझलेत रदीफ सहा वेळा येते : मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोनदा, पुढच्या चार शेरांत एकेकदा. पहिल्या रदीफला दोन गळे, मग दर वेळी एक वाढवत नेलं की सहाव्याला बरोबर सात होतात. हिशेब आपोआप जुळतो आणि ऐकणाऱ्याला काफिया (रदीफच्या आधीचं यमक) आला की पुढं काय येणार याची ओढ लागते. अहिराणी गाण्याच्या उच्चारांबद्दल चोपड्याच्या पत्रात पाहा.

भुसावळ : गटात पुरुष नाही. आठ जणी गातो, पण रेकॉर्ड केलेलं ऐकलं की ‘खाली काहीच नाही’ असं वाटतं. एकीचा आवाज सॉफ्टवेअरवर एक सप्तक खाली घ्यावा का?

घेऊ नका. यंत्रानं सप्तकभर ओढलेल्या आवाजात स्वराबरोबर घशाचं आणि तोंडाचं गुंजनही खाली सरकतं, आणि अक्षरं सर्दी झाल्यासारखी जाड ऐकू येतात. प्रेमाच्या गाण्यात ते फार खुपतं.

दोष बहुधा पट्टीत, म्हणजे षड्ज पेटीच्या कुठल्या स्वरावर धरता त्यात आहे. बायका सवयीनं काळी चार किंवा काळी पाचला गातात. काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झवर येतो आणि त्याखालचा मंद्र पंचम १५६ वर. तो पंचम भरदार लागणाऱ्या बायका थोड्या. मग खालच्या गळ्यांना उरतं काय? मुख्य गायिकेचाच षड्ज. सगळ्या एकाच चार-पाच स्वरांत दाटी करतात आणि तळ रिकामा राहतो.

पट्टी वर न्या. षड्ज पांढरी एकला, म्हणजे २६२ हर्ट्झला ठेवला तर मंद्र पंचम १९६ वर येतो आणि तो खालच्या गळ्यांना आरामात लागतो. गळा खाली नेता येत नसेल तर गाणं वर नेऊन तळाला जागा करायची.

कुणाचा तळ कुठं आहे हे आधी तपासा. प्रत्येकीनं ‘ओ’वर एकेक स्वर उतरत जायचं आणि प्रत्येक स्वर बोलण्याइतक्या आवाजात आठ सेकंद धरायचा. ज्या स्वरावर हवा जास्त आणि सूर कमी होतो त्याच्या एक पूर्ण स्वर वर तिची हद्द धरा. तालमीत दोनदा लागला म्हणून रेकॉर्डिंगच्या तिसाव्या टेकला (फेरीला) तो स्वर लागेल असं नसतं. तळाला किमान दोघी हव्यात, म्हणजे एक श्वास घेत असताना दुसरी सूर धरून असते. दोघींनी श्वासाच्या जागा वहीत वेगवेगळ्या रंगांनी खुणावाव्यात. ‘बघू तेव्हा’ म्हटलं की दोघी नेमक्या एकाच ठिकाणी श्वास घेतात.

पट्टी वर नेण्याची किंमत मुख्य गायिका मोजते, कारण तिला चार अर्धे सूर चढून गावं लागतं. ओवी, झोक्याची गाणी, गुलाबाईची (भुलाबाईची) गाणी पाच-सहा स्वरांत फिरतात, त्यांना काही त्रास नाही. गझल किंवा भावगीत दीड सप्तकाचं असेल तर पट्टी काळी चारच ठेवा आणि तळ शोधणं सोडून द्या. धरलेला सूर तळाऐवजी वर ठेवा : मध्य पंचमावर दोघींचा अगदी हलका ‘ऊ’. तळ नसल्याची जाणीव कमी होते, कारण कानाला आधार वरून मिळतो.

चाल सगळ्यांत वरच्या गळ्यालाच द्यायची, हीही सवय मोडा. अमेरिकेतल्या बार्बरशॉप गायकीत चाल वरून दुसऱ्या आवाजात असते आणि सगळ्यांत वरचा आवाज तिच्यावर हलकी किनार धरतो. बायकांची ‘स्वीट अ‍ॅडलाइन्स’ ही संघटना १९४५ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा इथं सुरू झाली, तिच्या गटांतही हीच वाटणी आहे. आपल्या चालींनाही ती मानवते.

समांतर गंधाराची स्वरसंगती मात्र जपून वापरा. चाल भूप रागाच्या अंगाची असेल (सा रे ग प ध) आणि दुसरी बाई कायम एक स्वर सोडून वर गात असेल, तर चालीत रे आला की तिच्याकडं मध्यम येतो. तो मध्यम गाण्यात नाही. दोन ओळींत गाण्याचा रंग उडतो. त्याऐवजी तीच चाल दुसऱ्या गटानं दोन मात्रा उशिरा सुरू करावी. या पाच स्वरांत शेजारी अर्धा सूर कुठंच नसल्यामुळं कुठलीही टक्कर कानाला खुपत नाही. भैरवीच्या अंगाच्या चालीत हे चालणार नाही : एकीचा कोमल रिषभ रेंगाळला आणि दुसरी षड्जावर येऊन थांबली की घासतं. तिथं खालचे गळे सा-प सोडून हलवू नका.

ऐकायचंच असेल तर बल्गेरियन बायकांचं लोकसंगीत ऐका. मार्सेल सेलिए यांनी १९७५ मध्ये काढलेल्या ‘बल्गेरियन आवाजांचं गूढ’ या संग्रहानं ते जगभर गेलं. एक धरलेला सूर आणि त्याला चिकटून चालणारा दुसरा, एवढ्यावर केवढं उभं राहतं ते कळेल. १९७३ मध्ये बर्निस जॉन्सन रेगन यांनी वॉशिंग्टनमध्ये सुरू केलेल्या ‘स्वीट हनी इन द रॉक’ या कृष्णवर्णीय बायकांच्या गटात खालच्या गळ्यांना किती मान आहे तेही पाहा.

शहादा : पेटीवर तालीम करतो तेव्हा सगळं सुरात असतं. पेटी बंद करून गायलो की चार मिनिटांत अर्धा सूर खाली येतो. कोण चुकतं तेही कळत नाही.

बहुधा एक कुणी चुकत नसते, सगळ्या थोड्या थोड्या उतरतात. पहिलं कारण पेटीच. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. पंचमात फरक दोनच सेंटचा, तो कळत नाही. पेटीबरोबर गळा चढा गंधार धरतो. पेटी गेली की कान आपोआप खरा गंधार शोधतो आणि गंधार उतरतो. तो उतरलेला गंधार धरून पुढचा षड्ज लावला की तोही खाली येतो. तालीम तंबोऱ्यावर करा, अ‍ॅपवरचा चालेल. पेटी फक्त चाल बसवण्यापुरती.

दुसरं म्हणजे उतरताना पावलं मोठी पडतात आणि चढताना लहान. ‘ग रे सा’ या उतरणीत दर वेळी किंचित जास्त उतरणं होतं. उतरणीच्या ओळी ‘चढतोय’ अशा भावनेनं गाव्यात. एकच स्वर चार-पाच अक्षरांना येतो तिथंही सूर बसतो. तिथं प्रत्येक अक्षर नव्यानं लावा.

चूक शोधायला गाणं कडव्याच्या शेवटी थांबवा आणि तंबोरा सुरू करा. पहिल्या कडव्यापासूनच उतरत असेल तर पट्टी अर्धा सूर वर नेऊन पाहा. अनेकदा एवढ्यानं थांबतं, कारण खालच्या भरदार (छातीच्या) आणि वरच्या पातळ (डोक्याच्या) आवाजातला सांधा चालीच्या वारंवार येणाऱ्या स्वरावरून बाजूला होतो. फक्त अंतऱ्यानंतर उतरत असेल तर श्वासाची जागा चुकली आहे. उभं राहताना अर्धवर्तुळ करा, खालचे गळे मध्यात. एका ओळीत उभं राहिलं की टोकांच्या दोघींना एकमेकींचं काही ऐकू येत नाही.

जळगाव : घरीच रेकॉर्डिंग करायचंय. खोली, माइक आणि वेळ याबद्दल सांगा. मे महिन्यात सगळ्यांना सुट्टी असते.

मे नको. पारा ४४ अंशांच्या पुढं जातो तेव्हा पंखा, कूलर बंद करून सात बायकांनी बंद खोलीत तीन तास उभं राहणं हा छळ आहे, आणि पंखा लावला तर रेकॉर्डिंग वाया जातं. पौष-माघात, सकाळी १० ते दुपारी १ ठेवा. पहाट शांत वाटते, पण पाखरं माइकमध्ये येतात आणि गळा उघडलेला नसतो.

गावी कुणाचं धाब्याचं घर असेल तर तिथली आतली खोली घ्या. मातीच्या जाड भिंती बाहेरचा आवाज अडवतात आणि आतली ठणक कमी असते. सिमेंटच्या खोलीत टाळी वाजवून पाहा. ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज फेकताहेत. एका भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढं कापसाच्या गाद्या उभ्या करा. भिंतीला चिकटवण्यापेक्षा फट ठेवलेली बरी, जरा खालचे स्वरही त्यात मुरतात. खाली सतरंजी, दारावर गोधड्या. फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद करायला विसरू नका.

दोन एकसारखे कंडेन्सर माइक, मुख्य गायिकेसाठी तिसरा, आणि माइकना ४८ व्होल्टची वीज (फँटम पुरवठा) देऊन संगणकाशी जोडणारा इंटरफेस, एवढं पुरतं. दोन माइकची तोंडं एकमेकांशी ९० अंशांत, टोकं जवळजवळ चिकटवून, उंची तोंडाच्या किंचित वर, अर्धवर्तुळापासून सव्वा ते दीड मीटर. मुख्य गायिकेला तिसरा माइक १५ ते २० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चे झोत अडवणारी जाळी). खालच्या दोघींनी इतरांपेक्षा एक पाऊल पुढं उभं राहावं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सगळ्यांत जोराची जागा मीटरवर −१० डीबीच्या (डेसिबलच्या) वर जाऊ देऊ नका.

प्रत्येकीचं वेगळं रेकॉर्डिंग करून चिकटवायचं की एकत्र? नव्या गटानं एकत्रच करावं. वेगळं केलं की एकेक सूर दुरुस्त करता येतो, पण एकमेकींकडं पाहून श्वास घेण्यातून जी लय येते ती मिळत नाही. तंबोरा एका कानात बंद हेडफोनमधून, तोही फक्त मुख्य गायिका आणि तळाच्या एकीला. उघड्या हेडफोनमधून तो माइकमध्ये झिरपतो आणि मग काढता येत नाही. दर टेकच्या आधी-नंतर पाच सेकंद हालचाल बंद. बांगड्या, पैंजण, सुळसुळणारी साडी नको. रिकाम्या खोलीचा ३० सेकंदांचा आवाजही घेऊन ठेवा, दोन टेक जोडताना फटीत तोच लागतो.

मिक्सिंगमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. तुमचा सगळ्यांत खालचा स्वर त्याच्या बराच वर आहे आणि रस्त्याची, रेल्वेची गुरगुर त्याच्या खाली. बायकांचे अनेक आवाज एकत्र आले की २५०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात कर्कशपणा साचतो. तिथं दोन-तीन डीबी कमी करा, पण मागच्या आवाजांत, मुख्य गायिकेच्या नाही. सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावू नका. ते गंधार पेटीच्या जागेला ओढतं आणि मींडेच्या, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या करतं.

चोपडा : अहिराणी गाण्यात आमच्यातल्या काही जणी ‘डोळा’ म्हणतात, काही ‘डोया’. कुठलं बरोबर?

जिनं गाणं लिहिलं तिच्या तोंडात जे आहे ते. तिनं ‘डोया’ लिहिलं असेल तर सातही जणींनी ‘डोया’च म्हणायचं. ‘मन्हा’, ‘तुन्हा’, ‘शे’ जसे घरात बोलता तसेच. ‘न्ह’ लांब धरला की तो ‘न’ आणि ‘ह’ असा फुटतो, म्हणून स्वर ‘आ’वर लांबवा. एकत्र गाताना शब्दाच्या शेवटचा ‘स’ फक्त एकीनं म्हणावा, बाकीच्यांनी गाळावा. ‘करस’, ‘जास’ अशी क्रियापदं ओळीच्या शेवटी आली की सात ‘स’ मागंपुढं पडतात आणि फुसफुस ऐकू येते.

धुळे : बहिणाबाईंची कविता आणि एक जुनं सिनेमातलं गाणं घ्यायचं आहे. परवानगी लागते का? आजीकडून शिकलेल्या ओव्यांचं काय?

तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये निघालं. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या साहित्याचा हक्क भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, तो २०१२ अखेर संपला. त्या पुस्तकातले शब्द मोकळे आहेत. चाल मोकळी नाही. प्रसिद्ध झालेली चाल कुणा संगीतकाराची आहे आणि तिचा हक्क वेगळा चालतो. कवितेला स्वतःची चाल लावा, बिनवाद्यांच्या अल्बमला ती अधिक शोभेल.

सिनेमातल्या गाण्यासाठी कॉपीराइट कायद्यात कलम ३१-सी आहे. मूळ रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून नवं रेकॉर्डिंग करता येतं. पण त्यात दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी गृहीत धरली आहे आणि तांत्रिक गरजेपलीकडं बदल चालत नाही. सात गळ्यांची नवी बांधणी त्यात बसेलच असं नाही. हक्कधारकाकडून थेट लेखी परवानगी घ्या, आणि ती आली नाही तर ते गाणं सोडा.

परंपरेतली ओवी कुणा एकाच्या मालकीची नाही. तुम्ही स्वतः गायलात तर परवानगीचा प्रश्न येत नाही. आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग अल्बममध्ये घालणार असाल तर तिची संमती लेखी घ्या, कारण गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क कायद्यात आहे. आणि ओवी कुणाकडून आली, कुठल्या गावची, हे अल्बमच्या माहितीत लिहा. हे कायद्यासाठी नाही, पण करायलाच हवं.

चाळीसगाव : किती गाणी असावीत आणि कुठल्या क्रमानं?

सात-आठ गाणी, ३० ते ३५ मिनिटं. वाद्य नसताना कान लवकर थकतो. क्रम शब्दांवरून लावण्याआधी पट्टीवरून लावून पाहा. पांढरी दोनच्या गाण्यानंतर लगेच काळी एकचं आलं तर सगळा गट अर्धा सूर खाली पडल्यासारखा वाटतो. शेजारच्या गाण्यांचे षड्ज चार किंवा पाच स्वरांच्या अंतरावर असलेले चांगले. एकाच पट्टीतली दोनहून अधिक गाणी ओळीनं नकोत. ओवीनंतर चार सेकंद शांतता ठेवा, गवळणीनंतर दीड सेकंदही पुरतो.

मास्टरिंग (अल्बमवर शेवटचा हात) करणाऱ्याला सांगा की सबंध अल्बम मिळून −१४ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आणि शिखर −१ डीबीपर्यंत ठेवा, पण प्रत्येक गाणं वेगळं घेऊन सारखं मोठं करू नका. तसं केलं तर दोन गळ्यांची ओवी सात जणींच्या झोक्याएवढी मोठी होते, श्वाससुद्धा गर्जल्यासारखे येतात. ओवी झोक्यापेक्षा तीन-चार डीबी खालीच राहू द्या.